पिल्लांची माती

"घरात कुत्रं आहे का?" असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सूरज मोठ्यानं हसला. "हाय की," तो म्हणाला, "एक न्हाय, सत्तर-ऐंशी हायत." आणि हसत हसतच त्यानं मागं उभ्या असलेल्या संयोगिताकडे पाहिलं, जणू ही त्या दोघांच्यातली जुनी गंमत होती आणि आता डॉक्टरबाईंनाही तिच्यात घ्यायला हरकत नव्हती. संयोगितालाही हसू आलं. ते ओठांवर पोचायच्या आत तिला दिसलं की डॉक्टर हसत नाहीयेत. त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली, उंच स्टुलावर बसलेल्या सांचीच्या हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा पुन्हा एकदा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "मातीत खेळते का ही?" "पोरगीच की," सूरज म्हणाला, "खेळणारच." औषधाचे थेंब घातल्यामुळं सांचीच्या दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. ती कुणाकडेच पाहत नव्हती, पाय हलवत होती. एका पायातली चप्पल खाली पडली. संयोगितानं वाकून ती उचलली आणि उचलून झाल्यावरही बराच वेळ हातातच धरून ठेवली. नक्की कुठल्या क्षणी, ते तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही, पण डॉक्टरांनी पुढचं वाक्य बोलायच्या आधीच तिला ते कळलं होतं. बाकीचं तिनं फक्त ऐकलं.

डॉक्टर समजुतीच्या स्वरात बोलत होत्या. कुत्र्याच्या, विशेषतः लहान पिल्लांच्या पोटात जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, मातीत मुरतात, महिनोन्महिने, वर्षानुवर्षं राहतात. मूल मातीत खेळतं, तोच हात तोंडात घालतं. माणसाच्या पोटात ती अंडी फुटतात, पण हे काही त्या अळीचं घर नव्हे. तिला वाट सापडत नाही. ती अंगभर फिरत राहते, आणि कुठेतरी थांबते. सांचीच्या बाबतीत ती डाव्या डोळ्याच्या पडद्यावर थांबली होती. टेबलावर प्लॅस्टिकचा एक मोठा डोळा होता, तो उघडून डॉक्टरांनी आतली जागा दाखवली. सूरजनं वाकून पाहिलं. कारखान्यात एखाद्या साच्यात कुठं भेग गेलीय ते बघताना तो असाच वाकायचा. "म्हंजे जंताचं औषध दिलं की जाईल?" त्यानं विचारलं. "अळी बहुतेक मेलीच असेल. सूज उतरायला मी औषध देते. पण तिनं तिथं जो व्रण केलाय तो राहणार. या डोळ्यानं कडेकडेचं दिसेल. समोरचं, मधलं, नाही दिसणार." "कदी बी न्हाय?" "नाही. दुसरा डोळा अगदी उत्तम आहे." "बरं," सूरज म्हणाला. "बरं, बरं." आणि मग आपण काहीतरी विचारायला हवं असं वाटून त्यानं विचारलं, "कुठल्या कुत्र्याचं आसंल, मॅडम?" डॉक्टर म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही, वर्षापूर्वीचंही असू शकेल, रस्त्यावरच्या मातीतलंही असू शकेल. त्या वाक्यानं संयोगिताला आत कुठंतरी मोकळं वाटलं. उन्हातून सावलीत आल्यासारखं, क्षणभरच. आणि लगेच त्या मोकळं वाटण्याची तिला किळस आली.

राजारामपुरीतून कावळा नाक्याकडे गाडी काढताना तिला गिअर सापडेना. सूरज पुढं बसला होता, गाडीत बसताना नेहमी बसायचा तसा अंग चोरून. सांची मागं होती, दवाखान्यात दिलेला काळ्या कागदाचा चष्मा लावून, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक दुकानाची पाटी अंदाजानं वाचत होती. "वहिनीसाहेब," सूरज म्हणाला, "तुमी होतासा म्हणून. न्हायतर आमी काय, चष्मा करून आणला असता आन् बसलो असतो." तिला वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि आत्ता, इथंच, सांगून टाकावं. पण मागं सांची होती, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक लागल्या होत्या, आणि खरं म्हणजे काय सांगायचं त्याचं एक वाक्य तिच्याकडे तयार नव्हतं. पंचगंगेचा पूल आला. पूल ओलांडताना सांचीनं सवयीनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "पाणी हाय का न्हाय कळंना झालंय." "चष्म्यानं गं," सूरज म्हणाला. "हां, चष्म्यानं," सांची म्हणाली.

सूरजला आपणच कुत्र्यांच्या आश्रमात आणलं, हे तिनं आजवर अभिमानानं सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याची, राजवर्धनची, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. सूरज तिथं साचे भरायचा. पुराच्या वर्षी सूरजचं स्वतःचं कुरुंदवाडचं घर पाण्यात होतं, आणि बायकोपोरीला शाळेच्या छावणीत ठेवून हा गडी नावेत बसून शिरोळकडच्या गावांतनं छपरांवर अडकलेली कुत्री गोळा करत फिरत होता. संयोगितानं तेव्हा फाउंड्रीमागची बंद शेड उघडून घेतली होती, घरातली जुनी पांघरुणं नेऊन टाकली होती. एका दुपारी सूरज फळांचा क्रेट डोक्यावर घेऊन आला. क्रेटमध्ये पिल्लं होती, गारठून एकमेकांत शिरलेली, एकच लोकरी गोळा असावा तशी. त्यानं एकेक उचलून शर्टाच्या आत धरलं. ते पाहताना तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं होतं. लग्नानंतरच्या तिच्या सगळ्या नीटनेटक्या दिवसांना एकदम कारण सापडल्यासारखं. पूर ओसरला, पण कुत्री गेली नाहीत. उलट येत राहिली. शेडचा आश्रम झाला. सूरजला फाउंड्रीतून आपल्याकडे द्यावं म्हणून तिनं राजवर्धनकडे हट्ट धरला, शेडच्या कडेला पत्र्याची चांगली खोली बांधून घेतली. सूरज आनंदानं आला. यायला तयार नव्हती ती त्याची बायको, रूपाली. "कुत्र्यांच्यात पोरगी वाढवायची व्हय?" तिनं तोंडावरच विचारलं होतं. आणि संयोगिता हसून म्हणाली होती, "अगं, जनावरांत वाढलेली मुलं मनानं मोठी होतात." हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. आता गाडी शिरोलीच्या फाट्याला वळताना ते वाक्य तिला तिच्याच आवाजात ऐकू आलं, त्यातल्या हसण्यासकट, आणि तिनं खिडकीची काच उगीचच खाली केली.

पण हे वाक्य म्हणजे काही नव्हे, हे तिला ठाऊक होतं. मन त्या वाक्यापाशी घुटमळत होतं ते पुढं जायला नको म्हणून. पुढं फोटो होते. मोठी कुत्री कुणी नेत नाही, पिल्लंसुद्धा लोक बघून जातात. त्यात गावठी असली की कुणी विचारत नाही. एका रविवारी तिनं सहज सांचीच्या मांडीवर दोन पिल्लं देऊन फोटो काढला. सांचीचे पुढचे दोन दात पडलेले, एक पिल्लू तिची वेणी ओढतंय. फोटो टाकला आणि संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. सांगलीहून, बेळगावहून माणसं आली. मग दर रविवारचं तेच ठरलं. ती घरून फ्रॉक न्यायची, कधी निळा, कधी पिवळा. शेडमधला कोबा फोटोत मळका दिसायचा, म्हणून ती सांचीला पिल्लांच्या कुंपणात, मातीत बसवायची. तिथली माती पिल्लांनी उकरून उकरून मऊ केलेली, तांबूस. सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यावर फार सुंदर रंग यायचा. "अजून खाली बस. मांडी घाल. हात मातीत टेक ना गं, असे वर काय धरतेस?" सांची शहाणी पोरगी, सांगाल तसं करायची. आणि झालं की संयोगिता पर्समधून बिस्किटाचा पुडा काढायची. एक बिस्किट सांचीला, तिच्या हातात, स्वतःच्या हातानं. सांची हात फ्रॉकला पुसायची, अर्धं स्वतः खायची, अर्धं पिल्लाला द्यायची, आणि तोही फोटो सुंदर यायचा.

आश्रमात महिन्यातून दोनदा येणारे डॉक्टर आकाराम तेव्हा एकदा म्हणाले होते. ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर, बोलायचे फार कमी. पिल्लांना सुया टोचता टोचता, मान वर न करता म्हणाले होते, "लहान पोरांना पिल्लांच्या मातीत फार बसवू नका, वहिनी. जंत घेऊनच जन्माला येतात ही." ती "हो, हो" म्हणाली होती. तेव्हा ती फोनच्या पडद्यावर दोन फोटोंतला कुठला ठेवायचा ते बघत होती. दोन्ही फोटो तिला आजही आठवत होते, डॉक्टरांचा चेहरा मात्र आठवत नव्हता. आणि ते औषध. जंताच्या औषधाचा पहिला डोस तिनं स्वतः पाजला होता, पिवळं, गोडुस वासाचं. दुसऱ्या दिवशी पिल्लांनी शेवयांसारखे जंत ओकले, वळवळणारे, आणि तिला ते बघवलं नाही. आठवडाभर तिच्या घरात शेवया झाल्या नाहीत. पुढचा डोस पंधरा दिवसांनी द्यायचा होता, मग पुन्हा, मग पुन्हा. पण तिनं मनाशी धरलं की एवढं पडलं म्हणजे सगळं पडलं असणार. बाटली कपाटात राहिली. तेवढ्यात दत्तक शिबिर आलं. नंतर दुसरी पिल्लं आली, आणि त्यांचंही तसंच झालं.

याच्याही पुढं एक गोष्ट होती. तिथपर्यंत मन त्या दिवशी गेलं नाही. ते गेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना, आरशात स्वतःचे डोळे दिसल्यावर. ढगाळ दिवस होता तो, फ्लॅश लावून फोटो काढलेला. सांचीच्या एका डोळ्यातली बाहुली तांबडी आली होती, फ्लॅशनं येते तशी. दुसरी पांढरी आली होती. मोत्यासारखी. तिला वाटलं होतं, फ्लॅशचा दोष. तो फोटो तिनं पुसून टाकला. पुढच्या रविवारीही तसंच आलं. तेव्हा तिला दोष वाटला का? काहीतरी वाटलं होतं, निश्चित वाटलं होतं, अंगावरून मुंगी गेल्याइतकं, आणि तिनं ते झटकलं होतं. "सांची, दुसऱ्या बाजूनं बस बघू. हां, असं. अशी छान दिसतेस." त्यानंतर ती सांचीला नेहमी दुसऱ्या बाजूनंच बसवू लागली होती. शाळेतल्या बाईंनी पोरगी मान वाकडी करून वाचते म्हणून सांगेपर्यंत एक उन्हाळा गेला होता. तोंडातला फेस बेसिनमध्ये पडला, ती तशीच उभी राहिली. त्या उन्हाळ्यात तो डोळा वाचला असता का? डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. आठवडा गेला, तपासणीला पुन्हा जाऊन आले, रक्ताच्या तपासणीनंही तेच सांगितलं, तरी तिनं विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी ते तिला घेऊन राहता आलं नसतं.

डॉक्टर आकाराम यांनी पिल्लांच्या कुंपणातली माती आणि विष्ठा तपासून घेतली. त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता, त्यावर त्यांनी तिला वाकायला सांगितलं. उजेडाच्या गोल तबकात खडबडीत सालीचे गोल दाणे पडले होते, एक, दोन, पुष्कळ, निश्चल, देखणे. तिला त्यांच्यावरून नजर काढता येईना. "मोठ्या कुत्रीच्या अंगात अळ्या झोपलेल्या असतात," डॉक्टर म्हणाले. "ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात, आणि पोटातल्या पिल्लांत उतरतात. आई काय जाणूनबुजून देते होय? तिला पत्ताबी नसतो." "पण मला तुम्ही सांगितलं होतं," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "मी?" "सांचीला मातीत बसवू नका म्हणून. तुम्ही म्हणाला होता." डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "म्हणालो असंन," ते म्हणाले, "आता ध्येनात न्हाई." खरंच त्यांच्या ध्यानात नव्हतं. ती बाहेर आली, चपला घातल्या, आणि तिच्या लक्षात आलं की हे आता जगात फक्त तिलाच माहीत आहे. तिनं विसरायचं ठरवलं तर ते घडलंच नाही असं होईल. एवढं सोपं होतं.

राजवर्धनला तिनं जेवताना सांगितलं, सगळं नव्हे, निम्मं. तो शांतपणे ऐकत होता. वाईट माणूस नव्हता तो. सूरजच्या पोरीच्या उपचाराला तो एका शब्दानं नाही म्हणाला नव्हता. "तू कशाला मनाला लावून घेतीस?" तो म्हणाला. "माती म्हणजे त्यात असणारच काहीतरी. आपण काय मुद्दाम केलं का? लागंल ते करू पोरीचं." आणि मग ताटातला हात थांबवून, "कुणाला बोलली नाहीस ना असलं काही? माझ्यामुळं झालं, हा शब्द तोंडातनं काढू नको. उद्या कामगारांच्यात वेगळंच पसरंल." ती म्हणाली, "नाही बोलले." आणि हे खरं होतं, म्हणूनच तिला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिनं जेसीबी बोलावला. डॉक्टर आकाराम म्हणाले होते, फिनेल-बिनेलनं ती अंडी मरत नाहीत, वरची माती काढून टाकायला पाहिजे आणि कोबा करायला पाहिजे. आणि ठरल्या दिवशी औषध, वेळेवर, एकूण एक कुत्र्याला. आता ती स्वतः उभी राहून पाजत होती, जंत पडले की स्वतः पाहत होती, मान न वळवता. पाहिलं म्हणजे काहीतरी फिटतं असं नव्हे. पण मान वळवणं आता तिला जमत नव्हतं. जेसीबीचं तोंड त्या मऊ तांबूस मातीत शिरलं तेव्हा सूरज लांब उभा राहून खुशीत बघत होता. "बरं केलंसा वहिनीसाहेब, पावसाळ्यात लई राड व्हायची." डंपरवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "टाकायची कुठं ही? तिकडं हौसिंगच्या प्लॉटवर भर मागायलेत." "नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की शेडमधली कुत्री भुंकायला लागली. तिथं घरं होणार होती, घरांत मुलं येणार होती. शेवटी फाउंड्रीची जळकी वाळू टाकतात त्या खड्ड्यात, खोल, ती माती पुरायला लावली. ती पूर्ण वेळ उन्हात उभी होती. डंपरवाला सूरजला म्हणाला, "काय पुरायलंय रं पावणं? सोनं हाय काय?" सूरज हसला. संध्याकाळी त्यानं तिला चहा आणून दिला आणि म्हणाला, "तुमी एवढं करतासा पोरीसाठी. आमचं सख्खं कोण बी करणार न्हाय." तिनं कप दोन्ही हातांनी धरला. हा माणूस रोज काहीतरी असं बोलायचा. आभारानं माणसाला मारता येतं, हे त्याला माहीत असतं तर तो आभार मानायचा थांबला असता.

सूरज कुत्र्यांचं खाणं आणायला गेलेला, सांची शाळेत, अशी एक दुपार बघून ती त्यांच्या खोलीवर गेली. रूपाली जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. पुढ्यात दोन पिशव्या होत्या. "बसा," ती म्हणाली. खुर्ची होती, पण संयोगिता जमिनीवरच बसली, आणि बसल्यावर तिला वाटलं, हेसुद्धा नाटक झालं. "मला तुला काही सांगायचंय, रूपाली." रूपालीनं मान हलवली, हात चालूच ठेवले. मग संयोगितानं सांगितलं. डॉक्टर आकाराम म्हणाले होते ते, कपाटातली बाटली, बिस्किट, पांढरा डोळा, दुसऱ्या बाजूनं बस म्हणालेलं. जे ती इतके दिवस मनात घोळवत होती ते बोलायला फार थोडा वेळ लागला. बोलून झालं तेव्हा पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. तिला वाटलं रूपाली ओरडेल. तिला ते हवं होतं. सांचीच्या निळ्या फ्रॉकची बाही रूपालीनं आत दुमडली, हातानं दाबली.

"मला बी दिसायचा," ती म्हणाली.

"काय?"

"डोळा. लाईट गेली की मेणबत्ती लावायचो आमी. तिकडनं तिनं बघिटलं की एकच डोळा चमकायचा, मांजराच्या डोळ्यागत. पयल्यांदा भ्यालो मी. मग म्हटलं कुणाला बोलायचं न्हाय. सासू काय म्हणंल, शेजारी काय म्हणतील, पोरीच्या जातीला नाव पडलं म्हंजे?" तिनं फ्रॉक पिशवीत ठेवला. "गप बसलो."

संयोगितानं तिच्या हातावर हात ठेवला. रूपालीनं हात काढून घेतला नाही, पण घडी करायला दुसरा कपडा उचलला, तेव्हा तो आपोआप सुटला.

"तुमी आलासा, बसलासा, मला सांगितलंसा," रूपाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी मोकळ्या झालासा. आता मी कुणाला सांगू?"

मग रूपालीच म्हणाली, "ह्यांना सांगू नका. तुमचं बी न्हाय, माझं बी न्हाय."

"त्याला कळायला हवं, रूपाली. मी आज सांगणारच होते."

"सांगून काय हुतंय? तुमाला त्ये एक शब्द बोलणार न्हाईत. मला बी न्हाय. मी नको नको म्हणत असताना आमाला हितं कुणी आणलं? त्येंनीच. त्येच मनात धरून बसतील. रातच्याला उठून भिताडाला डोकं आपटून घेतील, मला म्हाईत हाय त्यो माणूस." मग पहिल्यांदा तिनं संयोगिताकडे सरळ पाहिलं. "तुमाला जड होतंय व्हय? हूं दे. मी पोरगीला घेऊन कुरुंदवाडला आईकडं जातोय. तिथल्या साळंत घालतो. फळ्याच्या उजव्या हाताला बसवा म्हणून मास्तरांस्नी सांगायचं, न्हाय का? का डाव्या?" संयोगिताला पटकन सांगता आलं नाही. तिनं स्वतःचा डावा डोळा हातानं झाकून पाहिला. रूपालीनंही झाकला. दोघी तशाच बसून समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. "डाव्या हाताला बसवा," संयोगिता शेवटी म्हणाली. "म्हणजे फळा उजव्या डोळ्यापुढं येईल." "बरं," रूपाली म्हणाली.

सूरज आश्रमातच राहिला. रविवारी तो गाडीला हात करून कुरुंदवाडला जायचा, सोमवारी परत यायचा, आणि सांचीनं काय काय केलं ते तिला सांगायचा. रूपालीनं घातलेली अट संयोगितानं पाळली. पाळताना तिला कळत गेलं की सांगायची इच्छा चांगुलपणाची नव्हती. निदान निव्वळ चांगुलपणाची नव्हती. सूरज समोर आला की ती "पाण्याच्या टाक्या धुतल्या का रे?" असं काहीतरी विचारायची. फोटो तिनं सगळे काढून टाकले. पिल्लं आता हळूहळू जात होती, कधीकधी जात नव्हती, मोठी होत होती. नव्या कोब्यावर त्यांच्या नखांचा आवाज यायचा.

दिवाळीनंतर सांचीला पुन्हा तपासणीला आणायचं होतं. एसटीनं हाल होतील म्हणून ती सूरजला घेऊन स्वतः कुरुंदवाडला गेली. घर नदीकडच्या गल्लीत होतं, पुराची खूण भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला, वरनं नवा रंग दिला तरी उमटलेली. रूपालीची आई विठाबाई दारातच म्हणाली, "या, या. लई आयकलंय तुमच्याबद्दल." तिनं हे कुणाकडनं आणि काय ऐकलं असेल, याचा अंदाज संयोगिताला करता येईना. रूपाली आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. आली नाही, गेली नाही. "सांचे, काकीस्नी पाणी दे," विठाबाई म्हणाली.

सांची उंच झाली होती. आतून ती एका हातात तांब्या आणि एका हातात पेला घेऊन आली, मान किंचित वळवून, उजवा डोळा पुढं ठेवून. पेला तिनं संयोगितासमोर धरला आणि डाव्या हाताची तर्जनी काठावरून आत सोडली. मग तांब्याचा काठ त्या बोटाला टेकवला, आणि बोटावरूनच, अगदी सावकाश, पाणी ओतलं. एक थेंब बाहेर पडला नाही. पाणी चढत चढत तिच्या बोटाच्या टोकाला लागलं तशी ती थांबली.

"अगं भवाने!" विठाबाई ओरडली. "पावण्यांच्या पाण्यात बोट बुडवतीस? कितींदा सांगायचं? वता ते, वहिनीसाहेब, वता, दुसरं देते."

"मग भरल्यालं कळत न्हाय मला," सांची म्हणाली. "न्हायतर भाईर सांडतंय. पयलं लई सांडायचं. आता न्हाय सांडत." तिनं हे कौतुक करून घ्यावं अशा स्वरात सांगितलं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं स्वतः शोधून काढलं होतं, या घरात, कधीतरी, कितीतरी पाणी सांडून.

सूरज हसत होता. रूपाली चौकटीत होती. पेला संयोगिताच्या हातात होता, पितळेचा, गार, आणि पाण्यात ते छोटंसं बोट बुडून गेल्यावरचं एक वर्तुळ अजून हलत होतं. हात धुतले असतील का, हा विचार तिच्या मनात आला. तो आलाच. तिनं त्याला येताना पाहिलं, आणि तो कुणाबद्दल आला आहे, हेही पाहिलं. रूपालीनंही तो पाहिला असावा, कारण ती एकटीच हसत नव्हती, एकटीच संयोगिताच्या हाताकडे बघत होती. संयोगितानं पेला उचलला, ओठांना लावला आणि न थांबता सगळं पाणी प्याली.

"आनी पायजे?" सांचीनं विचारलं.

"दे," ती म्हणाली आणि पेला पुढं केला. सांचीनं मान वळवली, बोट आत सोडलं, आणि पाणी ओतू लागली.